भगताचा पाय

६ मे १९५६, रविवार

कसब्यातल्या प्रत्येक लिंबाला झोका लागला. दवाखान्यासमोरच्यालाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या खानदेशात लेकींचं राज्य सुरू होतं. एरवी मान वर न करणाऱ्या पोरी झोक्यावर उभ्या राहून अशा गातात की वेशीबाहेर ऐकू जावं. आज खोकल्याच्या दोन म्हाताऱ्या सोडल्या तर दवाखान्यात कुणी फिरकलं नाही. माहेरी आलेली बाई आजारी पडत नाही, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही, पण खरं आहे.

माझं माहेर इथून दोन कोसांवर, गिरणेच्या पलीकडच्या काठाला. दूर मुलुखात असतं तर एक वेळ परवडलं असतं. नवरा पटकीने गेल्यावर मी माहेरी आले, आणि पुढे नर्सिंग शिकायला धुळ्याला जायचं ठरवलं. धाकटा भाऊ हिलाल दारात आडवा उभा राहिला. परक्या पुरुषांची अंगं पुसायची हा कसला धंदा, म्हणाला. "उंबरा वलांडशी ते आखाजीले तुले लेवाले गाडी येवाव नही." मी ओलांडला. तेव्हापासून पाच आखाज्या झाल्या, मला न्यायला गाडी आली नाही. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, असं आमचं घराणं. माझ्यातही तो पीळ आहेच, नाहीतर मी आपली चालत नसते का गेले?

डॉक्टरसाहेबांनी जळगावहून नवी लोखंडी पट्टी आणली आहे. थॉमस स्प्लिंट. वर चामड्याने मढवलेली कडी, तिच्यापासून खाली दोन लांब गज. मांडीचं हाड मोडलं की कडी पायातून वर जांघेपर्यंत सरकवायची, पाऊल खालच्या टोकाला बांधायचं आणि ताण द्यायचा. मग हाडाची टोकं आतलं मांस फाडत नाहीत. डॉक्टर लढाईत होते. ते म्हणाले, पूर्वी मांडी मोडलेली माणसं वाटेतच मरायची, कारण आतल्या आत रक्त जातं आणि बाहेर थेंब दिसत नाही. आम्ही लोटननानांच्या पायावर सराव केला. नाना आमचे वॉर्डबॉय, पन्नाशीचे. कडी जांघेला लागली तशी लाजून त्यांनी तोंडावर टोपी ओढून घेतली.

१० मे

डॉक्टर सुट्टीवर धुळ्याला गेले. औषधांच्या मोठ्या कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर गेली, हे त्यांच्याही लक्षात नसणार.

संध्याकाळी घुंगरमाळा वाजल्या की मी बाहेर जाते. बाहेर जायला कारण असतं: पडदे वाळले का, नळाला पाणी आलं का. नाना म्हणाले, "बाई, पडदा सकायलेच वायनात ना." मी म्हटलं, पुन्हा बघितले तर काय बिघडलं.

१४ मे, सोमवार

काल आखाजी. काल लिहिता आलं नाही.

दिवस कलला होता. घुंगरांचा आवाज आला, आणि या वेळी गाडी थेट दवाखान्याच्या आवारात शिरली. बैल मी लगेच ओळखले. डाव्याचं एक शिंग खाली वळलेलं, आमचाच. मला जे वाटलं ते इथे लिहूनच टाकते, कुणाला सांगायचं नाही आहे. मला वाटलं, आला. मला न्यायला आला. मी पदर सारखा केला आणि पायरी उतरताना हसत होते.

गाडीत हिलाल आडवा होता. अंगभर हळद, कमरेला पिवळं धोतर, ओठ पांढरे. तीन वर्षांपासून तो गावच्या बारागाड्यांचा भगत आहे, हे मला उडत उडत कळलं होतं. बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, वर माणसं खच्चून भरायची, आणि हळद लावलेल्या, उपास केलेल्या भगताने त्या खंडेरावाच्या नावाने ओढायच्या. काल ओढता ओढता तो अडखळला आणि पहिल्या गाडीचं चाक उजव्या मांडीवरून गेलं.

एवढ्यावर थांबतं तर कसलं आमचं गाव! ओढून झाल्यावर भगताने देवळाला फेरी घालायची असते. फेरी राहिली तर गावावर संकट. म्हणून दोघांनी त्याला बगलांत धरून उभा केला आणि लोंबत्या पायाने देवळाभोवती फिरवला. मग गाडीत घातला आणि पायाखाली कापसाचं गाठोडं दिलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते गाठोडं सरकत होतं. उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलं होतं. मांडी फुगून ताठ झालेली. नाडी बारीक आणि पळती.

मी नानांना म्हटलं, पट्टी आणा, इथे गाडीतच बांधू, खाली काढायचा नाही. मी चाकावर पाय ठेवून वर चढणार तोच चुडामणनाना आडवे आले. ते देवळाचे पुजारी.

"भगतना आंगले हयद लागेल शे. रांडमुंड बाईना हात लागाले नको. कोन्ही सवाष्णले बलावा."

आवारात बायका पुष्कळ जमल्या होत्या, माहेरवाशिणी, हातभर बांगड्यांच्या. पण त्यांना पट्टी कुठे बांधता येत होती? आणि पुरुष माणसं? त्यांनाही येत नव्हती. माझे वडील, तोताराम आबा, जू धरून खाली बघत उभे होते. मी चाकावर एक पाय ठेवून तशीच अडकले. पाच वर्षं धुळ्यात आणि इथे किती माणसांना हात लावला, कुणी विचारलं नाही. आणि आपल्याच माणसांनी मला तिथे उभं केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

हिलालने डोळे उघडले. म्हणाला, "अक्का, धर."

एवढंच. पाच वर्षांनंतरचे दोन शब्द. चुडामणनाना काहीतरी बोलत राहिले, मी ऐकलं नाही.

टाच एका हातात, पाऊल दुसऱ्या हातात, आणि सरळ रेषेत खेचायचं, झटका न देता. एकदा धरलं की बांधून होईपर्यंत सोडायचं नाही. सोडलं तर टोकं पुन्हा मांसात घुसतात. त्याला गुंगीचं काही देता आलं नाही, ते कपाटात. तो ओरडला तेव्हा बैल बिथरले, आबांनी सावरले. लोटननानांनी कडी वर सरकवली. ती जेमतेम बसली, मांडी इतकी सुजली होती. कडी जांघेला नीट टेकली की नाही ते पाऊल न सोडता मलाच वाकून बघावं लागलं. लाज वाटायला वेळ नव्हता. मग नानांनी बांधलेले पट्टे, मग पावलाची दोरी, आणि दोरीत काठी घालून पीळ, गाडीवर कडबा आवळतात तसा. काठी फिरवता फिरवता त्याचा चेहरा जरा सैल झाला. तेव्हा मला कळलं की पट्टी बरोबर बसली.

पाऊल गरम होतं, नाडी लागत होती. मग आठ जणांनी फळीवरून उतरवला. माझ्या दोन्ही हातांना हळद लागली होती. मी ती लगेच धुतली नाही.

१६ मे

डॉक्टर धुळ्याहून आले. पट्टी हलवून, वाकून पाहिली. म्हणाले, "ही नसती तर माणूस हाती लागला नसता." मग एक्स-रेसाठी जळगावला न्या म्हणून आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "जयगावले नेवाव नही. वाटमा मरी. जे व्हई ते आठेच व्हई." शेवटी खाटेचं पायथ्याचं टोक विटांवर चढवलं, विहिरीची लहान कप्पी लावली आणि रेतीची पिशवी लटकवली. तीन महिने तरी लागतील.

तीन महिने. डॉक्टरांनी हे आबांना वाईट बातमी सांगावी तसं सांगितलं.

२ जून

माहेर खाटेपाशी येऊन बसलं आहे. भावजय, सुंदर तिचं नाव, दिवसाआड भाकरी घेऊन येते. मी घर सोडलं तेव्हा ती नवी नवरी होती, माझ्याशी तोंड उघडत नव्हती. आज डब्यातून वेगळं पुडकं काढलं.

"अक्का, तुम्हना भाऊले सांजोऱ्या आवडतस. तुम्हले बी आनेल शेतस."

आखाजी होऊन गेल्यावर आखाजीची सांजोरी. मी कोठीत जाऊन खाल्ली. गूळ जरा कमी होता. खाऊन रडले, हे कबूल.

आबा आवारातच बसतात. आत येत नाहीत, पण मी बाहेर गेले की विचारतात, "जेवना का त्यो?" मी म्हणते, जेवला. मग आम्ही दोघं बैलांकडे बघत उभे राहतो.

हिलाल माझ्याशी कामापुरतं बोलतो. पाणी. उशी. तिथे खाजतंय. रोज कडीखालची कातडी पुसून पावडर लावते, टाच तपासते. पुरुषांची अंगं पुसायचा धंदा कसला, असं म्हणणाऱ्याचंच अंग पुसते आहे. हे मी त्याला बोलून दाखवणार होते, मग राहू दिलं.

२१ जून

आज तो आपणहून बोलला. कप्पीकडे बघत म्हणाला, "आपली हीरवर अशीच कप्पी व्हती. तू माले बालदीमा बसाडीसन खाले सोडं व्हतं."

मी म्हटलं, तूच रडून हट्ट केलास. आणि वर ओढायला मला जोर पुरला नाही, म्हणून आईने येऊन दोघांना बदडलं.

"मी नही रडनू. तूच रडनी."

अर्धा तास आम्ही कोण रडलं यावर भांडलो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वैतागून भिंतीकडे वळला. असा दुपारचा वेळ मला धुळ्याच्या होस्टेलात स्वप्नात यायचा. जाग आली की घर कुठल्या बाजूला आहे ते चाचपडावं लागायचं. मी कुणाला कधी सांगितलं नाही की मला घर इतकं हवं आहे. एकटी कमावते, मानाने राहते, लोक बाई म्हणतात. तरी हवं आहे. काय करू?

१० जुलै

डॉक्टर पावसाळ्यामुळे लसी टोचत खेड्यापाड्यांतून फिरतात, आठवड्याने येतात. आज मांडी दाबून पाहिली. हाड धरलंय म्हणाले. आता रोज थोडा ताण सैल करून गुडघा वाकवायला सुरुवात करा, नाहीतर आखडेल.

हिलाल म्हणाला, "आजून दुखस, डॉक्टर."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही रोज बघताय. तुम्हीच ठरवा."

मी म्हटलं, मला वाटतं आणखी थोडे दिवस जाऊ द्यावेत. घाई कशाला? हाड म्हणजे काय भाकरी आहे, तव्यावर टाकली की उलटली? डॉक्टर घाईत होते, हो म्हणाले.

सुंदरने विचारलं, घरी कधी नेता येईल. मी म्हटलं, अजून कच्चं आहे.

२४ जुलै

गुडघ्याचं उद्यापासून सुरू करावं म्हणते. रोज सकाळी ठरवते आणि विचारते, दुखतं का. तो म्हणतो, "दुखस." मग मी ठेवून देते.

एक गोष्ट चमत्कारिक वाटते. काल मी कोठीतून येत होते. त्याला माझी चाहूल नव्हती. उशी खाली पडली होती, ती उचलायला तो चांगला वाकला, कंबर, मांडी सगळं वळवून, आणि तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. मी आत आल्याबरोबर कण्हायला लागला. पेरण्या उरकल्या, वावरात निंदणीची कामं तुंबली आहेत, आबा एकटे खपतात आणि हा पडून भाकरी खातो. लहानपणीही असाच होता. कामाच्या दिवशी पोट दुखायचं. आळशी तो आळशीच.

तरी मी त्याला काही बोलले नाही. का बोलले नाही ते मला नीट सांगता येणार नाही.

५ ऑगस्ट

आबा आज पहिल्यांदा आत आले. खाटेशी उभे राहून पट्टीवरून हात फिरवला. "कवय सुटी?" त्यांनी मला विचारलं, डॉक्टरांना नाही. मी म्हटलं, लवकरच. ते म्हणाले, "गावमा लोक इचारतस, नर्सबाई काय म्हनस. मी सांगस, मन्ही पोर काय म्हनस ते मी बठ्ठासले सांगसू."

माझी पोर म्हणाले. मी पाणी आणायच्या निमित्ताने निघून गेले.

आज गुडघ्याचं राहूनच गेलं.

१५ ऑगस्ट

शाळेतली पोरं झेंडा घेऊन दवाखान्यावरून गेली. डॉक्टर झेंडावंदनाहून थेट वॉर्डात आले आणि कुणाला न विचारता पट्टी सोडली. हाड उत्तम जुळलंय. पाय आखूड झाला असेल तर बोटभरही नाही. मग त्यांनी टाचेखाली हात घालून गुडघा वाकवून पाहिला. वाकेना. खुंटासारखा ताठ.

"महिनाभर काय केलंत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, पेशंट दुखतं म्हणत होता. ते म्हणाले, पेशंट दुखतं म्हणतोच. तुम्ही नर्स आहात की नातेवाईक? एवढं बोलून हात धुवायला गेले.

त्यांचं बरोबर आहे. इथे तरी खोटं लिहू नये. हाड कच्चं नव्हतं. तो बरा झाला की जाणार आणि मग सुंदर येणार नाही, आबा येणार नाहीत, विहिरीच्या गोष्टी होणार नाहीत, हे मला रोज सकाळी ठाऊक होतं. मी भावाचा जीव वाचवला असं लोक म्हणतात. आणि त्याचा गुडघा मी माझ्यासाठी ठेवून घेतला.

१७ ऑगस्ट

नेला. गाडीत पाय लांब पसरून बसवला. तेल लावून रोज वाकवायचा कसा, ते सुंदरला तीन-तीनदा दाखवलं. ती घाबरते, तिच्याने जोर लावला जाणार नाही. जाताना हिलाल फक्त बैलांना हाक देऊन गेला.

खाट नानांनी धुऊन उन्हात टाकली. कप्पी काढायची तशीच राहिली.

६ सप्टेंबर

पोळा झाला. कळलं की बैलांपुढे तो काठी घेऊन उभा होता. मांडी घालून पंगतीला बसता येत नाही, म्हणून भिंतीशी बसून वेगळा जेवला. बारागाड्यांना आता दुसरा भगत शोधणार. हे सगळं सांगणाऱ्या बाईला मी खोकल्याचं औषध द्यायचं विसरले. तिला परत बोलावून आणावं लागलं.

२६ सप्टेंबर, बुधवार

आज दुपारी केसपेपर चिकटवत बसले होते. घुंगरं वाजली. मी बाहेर गेले नाही. लाज वाटली मला त्या सवयीची. नाना आत आले. "बाई, गाडी उनी."

बाहेर ऊन रणरणत होतं. हिलाल एकटाच, स्वतः गाडी हाकत आलेला. उजवा पाय जुवाच्या बाजूला सरळ पुढे पसरलेला. मी धावत गेले. काय झालं, पुन्हा पडलास का, पाय दाखव.

"काय नही व्हयनं. तुले लेवाले उनू."

मी म्हटलं, आज? पितृपक्ष चालू आहे. पितृपक्षात कुणी माहेरवाशीण आणतं का? लोक काय म्हणतील?

"मी बोलेल शे ना, आखाजीले गाडी येवाव नही. मी आखाजीले येवाव नहीच." कासरा हाताला गुंडाळत तो म्हणाला, "आज कथी शे आखाजी?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्हीचं काय करावं कळेना, म्हणून मी ओरडले. म्हटलं, हे असं दारात गाडी अडवून का बसला आहेस, खाली उतर, पाणी पी, मला साहेबांना विचारावं लागेल, रजा टाकावी लागेल.

"माले उतरता येत नही, अक्का. गुडघा वाकत नही. सुंदर खेचस ते रडस, मी नही, तीच रडस. आते तूच चढ."

तेव्हा मी सांगून टाकलं. भर उन्हात, नाना ऐकत असताना. म्हटलं, हिलाल, हा गुडघा मी आखडवला. डॉक्टरांनी महिनाभर आधी वाकवायला सांगितलं होतं. मीच वाकवला नाही. तू घरी जाऊ नयेस म्हणून.

त्याने बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली. मग म्हणाला, "आनि दुखस दुखस असं मी कितलादाव सांगं?"

दुखतं असं किती वेळा सांगितलं, हे मध्येच काय काढलं मला समजलं नाही. मी म्हटलं, दुखत होतं म्हणून सांगत होतास, त्यात तुझा काय दोष? त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, लहान मुलाकडे बघावं तसं, आणि मान हलवली.

"चढ आते. बैल उभा ऱ्हात नहीत."

नाना म्हणाले, साहेबांना मी सांगतो. मी दोन लुगडी, तेलाची बाटली आणि ही वही पिशवीत टाकली. खाली उतरून मला हात द्यायला त्याला येत नव्हतं, म्हणून वरूनच त्याने दंड पुढे केला. मी तो धरून चढले आणि त्याच्या ताठ पायाला धक्का लागणार नाही अशी सरकून बसले.